टीझिंग म्हणजे नुसती गंमत नव्हे

व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा आशय असा: इंग्रजीतल्या ‘टीझ’चा मूळ अर्थच लाडाने चिडवणं. सिनेमाचा टीझर असो की ब्रेन-टीझर, हा शब्द येतो तो हसतखेळत. म्हणून इंग्रजांनी त्यांच्या कायद्यात मुलींची छेड काढण्याला ‘ईव्ह-टीझिंग’ असा सौम्य शब्द ठेवला होता, आणि आपण मात्र साध्या थट्टेचा गुन्हा करून बसलो. शेवटी सवाल: मग आता कुणाची चेष्टाच करायची नाही का?

हा मजकूर मुलींचे वडील आणि भाऊसुद्धा पुढे ढकलतात. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘मूळ अर्थच लाडाने चिडवणं’

नाही. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता लोकर ओढून, विंचरून तंतू सुटे करणं. आपल्याकडे पिंजारी कापूस पिंजतो, त्याच जातीचं काम. ‘टीझल’ नावाच्या काटेरी झुडपाचं नाव याच धातूवरून आलं. त्याची वाळलेली बोंडं लाकडी चौकटीत ओळीने बसवून ती विणलेल्या लोकरी कापडावर फिरवायचे. बोंडाच्या टोकांना आकडे असतात. ते तंतूत अडकतात, त्यांना वर ओढतात आणि कापडावर मऊ लव उभी राहते. कारागिरांना हेच बोंड हवं असायचं, कारण कापडात गाठ लागली तर बोंडाचा आकडा मोडतो, कापड फाटत नाही. लोखंडी दाते तिथे कापडच फाडून टाकतात.

चिडवण्याचा अर्थ या शब्दाला नंतर, सतराव्या शतकात चिकटला. तोही आधी डिवचणं, बारीकसारीक गोष्टींनी भंडावून सोडणं असा. लाड त्यात मागाहून आला. शब्दाचा जुना अर्थ आजच्या वागण्याचा निवाडा करत नाही, हे मला मान्य आहे. पण मुळाचा आधार ज्यांनी घेतला, त्यांनी मूळ तरी बरोबर सांगावं.

‘हा शब्द हसतखेळतच येतो’

टीझर आणि ब्रेन-टीझर ही उदाहरणं खरी आहेत. दोन्हींत थोडं दाखवून बाकीचं राखून ठेवलेलं असतं, आणि बघणाऱ्याने ते आपणहून पत्करलेलं असतं. पार्लरमध्ये अंबाड्याखाली फुगा यावा म्हणून केसांची बट वर धरून कंगवा उलटा, मुळाकडे दाबत नेतात. त्याला आपण बॅककोंबिंग म्हणतो, अमेरिकेत टीझिंग. गुंतागुंतीच्या प्रश्नातून एकेक धागा सोडवत नेण्यालाही हेच क्रियापद. इथवर सगळं निरुपद्रवी.

पण प्राणिसंग्रहालयाच्या पिंजऱ्याबाहेरची पाटी आठवा. ‘प्राण्यांना चिडवू नका’ याच्या इंग्रजी ओळीत ‘टीझ’च असतं. ती नुसती विनंती नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 38-जे नुसार प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला चिडवणं, त्रास देणं, इजा करणं किंवा खायला घालणं याला मनाई आहे. म्हणजे भारतीय कायद्याने ‘टीझ’ हा शब्द इजेच्या शेजारी बसवला आहे. पिंजऱ्यातल्या वाघाला उठून जाता येत नाही, म्हणून त्याला खडा मारणं ही गंमत ठरत नाही. तेवढी समज कायद्याने जनावराच्या बाबतीत दाखवली आहे. बसथांब्यावर उभ्या असलेल्या मुलीच्या बाबतीत ती दाखवायला आपल्याला इतकं जड का जावं?

‘इंग्रजांच्या कायद्यातला शब्द’

1860च्या भारतीय दंड संहितेत ‘ईव्ह-टीझिंग’ कुठेही नव्हतं. तिथे होती कलमं 354 आणि 509, आणि त्यांची भाषा स्त्रीच्या विनयभंगाची. ‘ईव्ह-टीझिंग’ ही भारतीय उपखंडात रुळलेली इंग्रजी आहे. भारतात आणि बांगलादेशात ती वर्तमानपत्रांत सर्रास दिसते, लंडनच्या माणसाला मात्र समजावून सांगावी लागते. एखाद्या कायद्याच्या नावात हा शब्द आला तो 1998 साली तमिळनाडूत, चेन्नईतल्या एका कॉलेजकन्येचा अशा छळात जीव गेल्यानंतर. पुढे त्याच कायद्याच्या नावातून ‘ईव्ह-टीझिंग’ काढून स्त्रियांचा छळ असा सरळ उल्लेख घालण्यात आला. त्या शब्दात पुरुषाचं कृत्य ‘थट्टा’ झालं होतं आणि बाई झाली होती बायबलमधली, मोहात पाडणारी ईव्ह. दोष कुणाकडे सरकतो ते उघड आहे.

‘साध्या थट्टेचा गुन्हा केला’

1999 साली तमिळनाडूतल्या तेनकाशी बसस्थानकावर रात्री एका विवाहितेशी गैरवर्तन केल्याचा आरोप झाला तो एका पोलिसावर. फौजदारी खटल्यात साक्षीदार फिरले, तो सुटला. खात्याने मात्र त्याला बडतर्फ केलं होतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2012 मध्ये ती बडतर्फी कायम ठेवली. त्याच निकालात ‘ईव्ह-टीझिंग’ हा कृत्याला झाकणारा सौम्य शब्द आहे, असं न्यायालयाने म्हटलं. बसथांबे, रेल्वे स्थानकं, चित्रपटगृहं अशा ठिकाणी साध्या वेशातल्या महिला पोलीस नेमण्याचे आणि बसमध्ये तक्रार आली तर बस थेट जवळच्या पोलीस ठाण्यात नेण्याचे आदेश दिले.

आणि अंधेरीचं अंबोली? ऑक्टोबर 2011 मध्ये मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना अडवलं म्हणून दोन तरुणांना भररस्त्यात भोसकलं. दोघेही गेले. मे 2016 मध्ये चौघांना जन्मठेप झाली. त्या रात्रीची सुरुवातही या मजकुराच्या भाषेत ‘साधी थट्टा’च होती.

‘मग चेष्टाच करायची नाही का?’

करायची. लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, सगळा मांडव हसतो आणि मानपान घेऊनच कान सुटतो. दीर-वहिनी, मेहुणा-मेहुणी, आजी-नातवंडं यांची चेष्टा आपल्या घरांचा श्वास आहे. पण कानपिळीत कान कुणी धरायचा, किती वेळ, सुटका कशाने, हे दोन्ही बाजूंना आधीपासून ठाऊक असतं. मेहुण्याला उद्या उलट चिडवता येतं. वहिनीने डोळे वटारले की दीर गप्प बसतो, आणि नाही बसला तर सासूबाई बसवतात. रस्त्यावरच्या अनोळखी मुलीला यातलं काय मिळतं? ना नातं, ना उलट चिडवण्याची सोय, ना ‘पुरे’ म्हटल्यावर थांबणारं कुणी.

‘आमचा हेतू वाईट नव्हता’ हेही नेहमीचं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दिसलं की चिडवणाऱ्याला आपलं चिडवणं जितकं गमतीचं आणि निरुपद्रवी वाटतं, तितकं ते चिडवून घेणाऱ्याला वाटत नाही. कारण हेतू चिडवणाऱ्यालाच माहीत असतो, समोरच्यापर्यंत पोचतात ते फक्त शब्द. म्हणून गंमत झाली की नाही हे ठरवायचं ते ऐकणाऱ्याने.

आज भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळासाठी कलम 75, पाठलागासाठी 78 आणि स्त्रीचा अपमान करणारे शब्द वा हावभाव यांसाठी 79 आहे. तातडीच्या वेळी 112 लावावा. तक्रार देताना ‘छेड काढली’ एवढ्यावर थांबू नका, ठाण्यात तसं उतरवून घेऊ लागले तरी. तो काय बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहायला लावा, हात लावला असेल तर कुठे, किती दिवस मागे येतोय, कुठल्या थांब्यापासून, सोबत कोण होतं, सगळं. कुठलं कलम लागणार ते या तपशिलावर ठरतं. सही करण्याआधी ते वाचून घ्या आणि एफआयआरची प्रत मागा. ती फुकट मिळते.