बाईला दिवस गेलेत!

वाचनालयात "जरा हळू बोला" हे मला ऐकावं लागलं. ज्यांच्यामुळे आवाज चढला ते शेजारचे काका मात्र माझ्याच पुस्तकावर बोट टेकवून साळसूदपणे बसले होते.

पुढ्यात फ्लेमिश चित्रकार यान व्हान आयकचं 1434 सालचं आर्नोल्फिनी जोडप्याचं चित्र. कलेतिहासाच्या अभ्यासात पहिली पायरी ठरलेली: दहा मिनिटं नुसतं बघायचं आणि दिसतं तेवढंच लिहायचं. उजेड कुठून येतोय, नजर आधी कुठे जाते, कुठला रंग कशाला खेटून बसवलाय. 'प्रतीक' आणि 'सूचित होते' हे शब्द वहीत येता कामा नयेत. अर्थ एकदा सुचला की डोळे कामच करत नाहीत, म्हणून. तर मी लिहिलं : खिडकी डावीकडे, उजेड तिथूनच. बाईच्या हिरव्या झग्यामागे लाल पलंग, त्यामुळे हिरवा आणखी उठतो. संत्री चार : एक खिडकीत, तीन खालच्या पेटीवर.

"बाईला दिवस गेलेत," काका म्हणाले.

"ते नंतर बघू."

"नंतर काय? ढळढळीत दिसतंय. सातवा लागला असावा."

"काका, तिने झग्याचा घोळ उचलून पोटाशी धरलाय. तेव्हा तशीच फॅशन होती."

"आमच्याकडे दोन बाळंतपणं झालीत. मला शिकवू नका."

"याच चित्रकाराचं 1437 सालचं तीन फळ्यांचं चित्र ड्रेस्डेनला आहे. त्यातल्या संत कॅथरीनचंही पोट असंच पुढे आलेलं दिसतं. आणि ती कुमारिका!"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"म्हणजे तिलाही?"

माझा आवाज चढला तो इथे.

मग काकांची गाडी सुटली. कुत्रा म्हणजे निष्ठा. झुंबरातली एकुलती एक मेणबत्ती म्हणजे देव. काढून ठेवलेल्या खडावा म्हणजे पवित्र जागा. खरं तर यात काकांचा दोष अर्धाच. कलेतिहासकार एर्विन पॅनॉफ्स्कीने 1934 मध्ये हे चित्र म्हणजे लग्नाचा जणू कायदेशीर दाखलाच असल्याचं मांडलं, आणि तेव्हापासून त्या खोलीतल्या एकाही वस्तूला सुखाने नुसती वस्तू म्हणून पडून राहता आलेलं नाही. पुढे कागदपत्रांत निघालं, की चित्रातला म्हणून जो आर्नोल्फिनी धरला होता त्याचं लग्न 1447 सालचं. आता त्याच्या चुलतभावाचं नाव पुढे आहे. शिवाय रंगाखालचं आधीचं रेखाटन इन्फ्रारेडमध्ये तपासलं तर त्यात कुत्रा नाहीच! खडावा नाहीत, झुंबरही नाही. हे सगळं नंतर रंगवताना आलेलं. मागच्या गोल आरशातही त्या निष्ठावंताचा पत्ता नाही. म्हणजे कुत्र्याला अर्थ नाही असं नव्हे, पण सगळा दाखला त्याच्या शेपटीला बांधण्याआधी जरा दम धरावा.

काकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "कुत्रा फिरायला गेला असेल."

पुस्तकवाल्यांवरचा राग मात्र वेगळा आहे, तो काकांवर ढकलता येणार नाही. मूळ चित्र सुमारे 82 बाय 60 सेंटिमीटर. स्पॅनिश चित्रकार वेलास्केथचं 'लास मेनिनास' हे चित्र सुमारे 318 बाय 276. छापताना दोघांना एकाच मापाचं पान! एकापुढे वाकून बघावं लागतं, दुसऱ्यापासून चार पावलं मागे सरावं लागतं, हे कळायचं कसं? मापाच्या ओळीवर बोट ठेवून भिंतीवर वर्तमानपत्राचे कागद तेवढे जोडून लावावेत, दुसरा उपाय नाही. आरशाचं तर विचारूच नका. त्याच्या चौकटीत ख्रिस्ताच्या यातनांची दहा इवलीशी चित्रं आहेत आणि काचेत दारात उभी असलेली दोन माणसं. त्यातला एक खुद्द चित्रकार असावा, असं बरेच जण मानतात. बघायची गोष्ट हीच, म्हणून दुपानी मोठी करून छापतात, आणि दोघंही नेमके शिवणीत जातात. पुस्तक उताणं दाबून बघावं, तर बांधणी सुटते आणि दंड आपल्याला.