विंडोज नव्याने टाकल्याने डीव्हीडी ड्राइव्हचं कुलूप उघडत नाही

सिनेमाच्या डीव्हीडींसाठी जगाचे विभाग, म्हणजे रिजन, पाडलेले आहेत आणि ड्राइव्ह एका वेळी एकाच रिजनला बांधलेला असतो. कॉम्प्युटरचा डीव्हीडी ड्राइव्ह फुकटात 'सर्व रिजनचा' करून देणारा एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. त्याचा सारांश असा: रिजन फक्त पाचदा बदलता येतो, पण विंडोज नव्याने टाकलं की पाचही संधी परत मिळतात, नाहीतर रिजन सरळ शून्य करा, व्हीएलसी हा फुकट व्हिडिओ प्लेअर असेल तर त्याचीही गरज नाही, ब्लू-रेलाही हेच लागू. यातलं 'पाचदा' तेवढं पूर्ण बरोबर आहे.

विंडोजचा मुद्दा कोणे एके काळी खरा होता, म्हणूनच तो मरत नाही. सुरुवातीच्या, आरपीसी-१ प्रकारच्या ड्राइव्हला रिजन ठाऊकच नसे. पहारा सॉफ्टवेअरचा असायचा, त्यामुळे सॉफ्टवेअर पुसलं की मोजणीही पुसली जाण्याची शक्यता असे. २००० सालापासूनचे ड्राइव्ह मात्र आरपीसी-२ प्रकारचे. आपला रिजन कोणता आणि संधी किती उरल्या, हे त्या ड्राइव्हच्याच मेमरीत लिहिलेलं असतं. हार्ड डिस्क फॉरमॅट करा, लिनक्स टाका, ड्राइव्ह काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा, आकडा ड्राइव्हबरोबरच जातो. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये तो दिसतोही. रिजन बदलून ओके दाबण्याआधी तिथे एकदा बघाच.

'शून्य' हा शब्दांचा घोळ आहे. प्रत्येक डीव्हीडीवर ती कोणकोणत्या रिजनमध्ये चालेल याची नोंद असते. सगळ्यांना मुभा असलेल्या डिस्कला लोक 'रिजन शून्य' म्हणतात. तो डिस्कचा गुण झाला. ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये निवडायला शून्य नसतोच. ड्राइव्ह खरोखर मोकळा करायचा तर त्याचं फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आतलंच सॉफ्टवेअर, बदलावं लागतं, आणि ते नेमकं त्याच मॉडेलसाठी बनवलेलं हवं. चुकीचं टाकलं तर सिनेमा राहू द्या, साधी सीडीही वाचली जाणार नाही.

व्हीएलसीबद्दल मात्र निम्मं खरं आहे. रिजन जुळला नाही तर आरपीसी-२ ड्राइव्ह सिनेमा उलगडण्याची किल्ली द्यायला नकार देतो. व्हीएलसीबरोबर वापरली जाणारी लिबडीव्हीडीसीएसएस ही लायब्ररी किल्ली मागत बसत नाही, डिस्कवरच्या कूटबद्ध मजकुरावरून ती स्वतःच शोधून काढते. (ही पद्धत कायद्यात बसते का, याचं उत्तर देशागणिक बदलतं.) पण काही ड्राइव्ह तो कूटबद्ध मजकूरसुद्धा वाचू देत नाहीत. तिथे व्हीएलसी हात टेकतं. एकाच्या कॉम्प्युटरवर चाललं आणि दुसऱ्याच्या नाही, असे वाद होतात ते बऱ्याचदा यामुळेच.

पाच संधी संपल्या की ड्राइव्ह भंगारात, अशी पुरवणीही कुणीतरी जोडलेली असते. तसं काही होत नाही. शेवटी निवडलेला रिजन कायम होतो, एवढंच. त्या रिजनच्या डिस्क, बंधन नसलेल्या डिस्क, गाण्यांच्या आणि डेटाच्या सीडी पूर्वीसारख्याच चालतात. दोनच रिजनच्या डिस्क जमवणाऱ्याने फर्मवेअरशी खेळण्यापेक्षा यूएसबीचा दुसरा ड्राइव्ह घ्यावा आणि एकेकाला एकेक रिजन वाटून द्यावा.

आता ब्लू-रे. त्याचे रिजन डीव्हीडीसारखे सहा-आठ नव्हेत, ए, बी, सी असे तीनच, आणि कॉम्प्युटरवर त्यांची तपासणी ड्राइव्ह नव्हे, प्लेअर सॉफ्टवेअर करतं. ४के अल्ट्रा एचडी ब्लू-रेला तर रिजनच नाही. मात्र त्याच ब्लू-रे ड्राइव्हमध्ये साधी डीव्हीडी घातलीत, की जुना पाचाचा हिशेब पुन्हा लागू.