खांद्यातला फुगा आयुष्यभर पुरत नाही हो!

काल रात्री कोथरूडच्या मावशीचा फोन, "अगं, ते फुग्याचं ऑपरेशन करून टाकू का?" तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आलाय, खांद्याची नस तुटली आणि शिवता येत नसेल तर आत फुगा बसवा, 15 मिनिटांत काम, आयुष्यभर आराम, सांधा बदला म्हणणारा डॉक्टर लुटतोय. मावशी वेणी घालताना उजवा हात डाव्या हाताने उचलून डोक्यापर्यंत नेते, तिला हे वाचून आशा लागणारच ना! म्हणून चीड येते.

नस वगैरे काही नाही, स्नायू हाडाला धरून ठेवणारी कंडरा फाटलेली असते. असो.

"आयुष्यभर" हे तर धडधडीत खोटं. सलाईन भरलेला तो फुगा वर्षभरात विरघळून जातो, तसाच बनवलाय तो. आणि फायद्याचं म्हणाल तर ब्रिटनमधल्या 24 हॉस्पिटलांत 117 पेशंटवर ट्रायल झाली, 2022 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलीय. निम्म्यांना दुर्बिणीतून नुसती आतली साफसफाई, बाकीच्यांना साफसफाई अधिक फुगा. वर्षाने खांद्याचा 48 पैकी स्कोअर बघा, जितका जास्त तितका खांदा बरा, फुगेवाले 30.3, बिनफुग्याचे 34.3! म्हणजे फुगा घालून उलट कमीच, ट्रायल मध्येच थांबवली त्यांनी. हां, अमेरिकेतल्या एका ट्रायलमध्ये फुगा हा कंडरा अर्धवट शिवण्यापेक्षा वाईट ठरला नाही, तेवढं मान्य. पण त्यावरून आयुष्यभराची गॅरंटी कुठून काढली?

सांधा बदलणं म्हणजे लूट, हेही सरसकट नाही. अशा खांद्यात जो रिव्हर्स म्हणजे उलटा सांधा बसवतात, त्यात गोळा आणि वाटी यांची अदलाबदल करतात, मग फाटलेल्या कंडरेचं काम खांद्यावरचा डेल्टॉइड स्नायू करतो. वय झालंय, हात वर जातच नाही, सांधाही झिजलाय, अशांना त्याचा खरंच उपयोग होतो. पन्नाशीच्या माणसाला मात्र डॉक्टर सहसा आधी दुसरं काही बघतात, पाठीचा स्नायू वळवून जोडणं वगैरे, आणि त्याच्याही आधी नीट फिजिओ. बऱ्याच जणांचं त्यावरच भागतं.

शनिवारी मी स्वतः मावशीला एमआरआय घेऊन दाखवायला नेतेय. स्नायूत चरबी किती भरलीय, सांधा किती झिजलाय, डेल्टॉइड चालतोय का, हे तीन प्रश्न तिला कागदावर लिहून दिलेत. तोवर फुग्यासाठी एक रुपयाही ॲडव्हान्स भरायचा नाही असं सकाळीच बजावून आलेय.