स्मिदिंग वाढवून गिअर सुधारत नाही: ओल्ड स्कूल रूनस्केपमधल्या एका लाडक्या सल्ल्याला उत्तर

ओल्ड स्कूल रूनस्केप हा ऑनलाइन खेळ नव्याने खेळायला घेतलेल्याला एक सल्ला हमखास मिळतो. ‘आधी मायनिंग (खाणकाम), स्मिदिंग (लोहारकाम) आणि क्राफ्टिंग (हस्तकला) वाढव. धातू स्वतः खणला की फुकट पडतो. चिलखत स्वतः घडव, लेव्हल वाढेल तसं गिअर (शस्त्रं-चिलखतं) सुधारत जाईल, उरलेला माल विकून पैसेही होतील. आयर्नमॅनवाले (बाजारातून काही न घेता सगळं स्वतः मिळवणारे) असंच खेळतात.’ ऐकायला हे इतकं शहाणपणाचं वाटतं की आकडे तपासायच्या भानगडीत कुणी पडत नाही. म्हणून एकेक विधान सुटं करून बघू.

‘लेव्हल वाढेल तसं गिअर सुधारत जाईल.’ सल्ल्याचा कणा हाच, आणि तो सगळ्यात कच्चा. या खेळात वस्तू वापरायला एक लेव्हल लागते आणि घडवायला दुसरी, आणि दोन्हींमध्ये प्रचंड दरी आहे. मिथ्रिल, अ‍ॅडमंट, रून हे चढत्या दर्जाचे धातू. मिथ्रिल प्लेटबॉडी (छातीचं चिलखत) घालायला डिफेन्स (बचावाचं कौशल्य) 20 पुरतो, घडवायला स्मिदिंग 68 लागतं. अ‍ॅडमंटची घालायला 30, घडवायला 88. रून प्लेटबॉडी घालायला डिफेन्स 40 आणि ड्रॅगन स्लेयर हे क्वेस्ट (कथेतली मोहीम), तर घडवायला थेट 99, म्हणजे स्किलचं शेवटचं टोक.

लेव्हलचे आकडेसुद्धा फसवे आहेत, कारण प्रत्येक पुढची लेव्हल आधीच्यापेक्षा महाग असते. एक्सपीत (अनुभवाच्या गुणांत) मोजा. लेव्हल 40 ला 37,224 एक्सपी लागतात, 99 ला 1,30,34,431. म्हणजे रून चिलखत घालण्यासाठी जेवढी मेहनत, तिच्या 350 पट मेहनत ते बनवण्यासाठी. तोवर तुम्ही कधीच त्या चिलखताच्या पुढे गेलेले असता. स्वतः घडवलेली पहिली रून प्लेटबॉडी हातात येईल तेव्हा ती घालायचं कारणच उरलेलं नसेल.

क्राफ्टिंगमध्ये दरी थोडी कमी आहे, पण आहेच. काळ्या ड्रॅगनच्या कातड्याचा अंगरखा रेंज्ड (धनुष्यबाणासारख्या लांबच्या माऱ्याचं कौशल्य) 70 वर घालता येतो, शिवायला क्राफ्टिंग 84 लागतं. एक्सपीत हा फरक चौपट होतो.

हा सल्ला बहुतेक वेळा दुसऱ्या खेळांतून येतो, आणि तिथे तो खराही असतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने 2022 च्या ड्रॅगनफ्लाइटपासून बनवलेल्या गिअरला दर्जाचे पाच स्तर दिले. कारागीर जितका कसलेला, तितकी वस्तू सरस. फायनल फँटसी 14 मध्येही कुशल हातातून उतरलेली वस्तू साध्या वस्तूपेक्षा वरचढ असते. रूनस्केपमध्ये असं काहीच नाही. 99 स्मिदिंगवाल्याने घडवलेली प्लेटबॉडी आणि राक्षस मारून पडलेली प्लेटबॉडी यांत नखाएवढाही फरक नसतो. कौशल्याची खूण वस्तूवर उमटतच नाही, मग कौशल्य वाढवून वस्तू सुधारणार कशी?

आता ‘स्वतः खणलेला धातू फुकट’. या खेळातला सर्वांत जुना भ्रम हाच असावा. घरच्या शेतातला कांदा फुकट म्हणणाऱ्याला शेतकरी जसा बघेल, तसं या विधानाकडे बघायला हवं. एका रून प्लेटबॉडीला पाच रुनाइट बार (वितळवलेल्या धातूच्या कांड्या) लागतात. एका बारला एक रुनाइट आणि आठ कोळसे. म्हणजे एका चिलखतामागे 5 रुनाइट आणि 40 कोळसे. तुमच्या झोळीत खणच 28, त्यामुळे साध्या भट्टीवर एका फेरीत तीनच बार निघतात. शिवाय रुनाइट खणायला मायनिंग 85 लागतं, आणि एकदा खणलेला खडक पुन्हा भरायला साधारण 12 मिनिटं घेतो. या सगळ्या वेळाची किंमत शून्य धरली तरच तो धातू फुकट.

पण वेळ बाजूला ठेवा, नुसता बाजार बघा. खणलेला माल ग्रँड एक्स्चेंजवर (खेळाडूंच्या बाजारात) आज विकता येतो, म्हणजे त्याला आजची किंमत आहे. तो भट्टीत घालताना तुम्ही ती किंमतच भट्टीत घालत असता. आणि गंमत अशी, की पाच रुनाइट बार विकून जे मिळतं ते तयार प्लेटबॉडीच्या भावापेक्षा बहुधा जास्तच असतं. घडवल्यामुळे माल स्वस्त होतो!

त्यामागचं कारण कळलं की ‘उरलेला माल विकून पैसे’ हेही निकालात निघतं. रूनच्या तयार वस्तू राक्षसांकडून अखंड पडत असतात. त्या घालणारे मोजके, कारण लोक ती पायरी झटकन ओलांडतात. मग एवढ्या मालाचं होतं काय? मॅजिक 55 वर हाय अल्केमी (वस्तूचे पैसे करणारा मंत्र) येते आणि रून प्लेटबॉडीचे सरळ 39,000 कॉइन्स करते. भाव या आकड्याच्या आसपास अडकून बसतो. उलट बारना मागणी असते, कारण स्मिदिंग वाढवणाऱ्यांना तेच हवे असतात. एका बाजूला एक्सपीसाठी पैसे मोजणारे, दुसऱ्या बाजूला पैशासाठी घडवणारे. नुकसान कुणाचं होणार हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

पुरावा हवा असेल तर जायंट्स फाउंड्रीत जा. 2022 मध्ये आलेल्या या मिनिगेममध्ये बरेच खेळाडू तयार प्लेटबॉडी विकत घेतात आणि वितळवतात, कारण धातू मिळवायचा तोच स्वस्त मार्ग ठरतो. त्यातून घडलेली तलवार कोवाक नावाचा राक्षस ठेवून घेतो. तुम्हाला मिळतात एक्सपी आणि कॉइन्स. केल्डाग्रिम शहरातल्या ब्लास्ट फर्नेस या भट्टीवरचा लोकप्रिय मार्ग तर याहून बोलका: गोल्डस्मिथ गाँटलेट्स (सोन्यावर जास्त एक्सपी देणारे हातमोजे) घालून सोनं वितळवत राहायचं. त्या मार्गाने 99 गाठलेल्या लोहाराने वाटेत एकही चिलखत घडवलेलं नसतं.

मग चांगलं गिअर येतं कुठून? ड्रॅगन सिमिटार मंकी मॅडनेस क्वेस्टमधून, तो कुठल्याच ऐरणीवर बनत नाही. बॅरोज ग्लोव्हज रेसिपी फॉर डिझास्टरमधून. फायटर टॉर्सो बार्बेरियन असॉल्टमधून, ड्रॅगन डिफेंडर वॉरियर्स गिल्डमधून, फायर केप जाड नावाच्या राक्षसाला हरवून. अ‍ॅबिसल व्हिप 85 स्लेयरवर (नेमून दिलेले राक्षस मारायचं कौशल्य) राक्षसांकडून पडतो किंवा सरळ विकत मिळतो. ड्रॅगनफायर शील्ड जोडायला स्मिदिंग 90 लागतं खरं, पण एजव्हिलचा ओझिआक 12,50,000 कॉइन्स घेऊन तेच काम करून देतो. खेळ बनवणाऱ्यांनीच पळवाट ठेवली आहे.

‘आयर्नमॅनवाले असंच खेळतात’ यात मात्र तथ्य आहे, अर्धं. त्यांना ग्रँड एक्स्चेंज बंद, त्यामुळे अ‍ॅम्युलेट ऑफ टॉर्चर हवा तर क्राफ्टिंग 98 च्या आसपास पोचणं त्यांना चुकत नाही. बाकीच्यांना तोच अ‍ॅम्युलेट बाजारात मिळतो. पण आयर्नमॅनसुद्धा घालायच्या रून प्लेटबॉडीसाठी 99 ची वाट बघत नाहीत. ती राक्षसांकडून मिळवतात किंवा ड्रॅगन स्लेयरनंतर ओझिआकच्याच दुकानातून घेतात.

याचा अर्थ ही स्किल्स वाढवूच नका असा नाही. आवडत असेल तर खुशाल 99 करा, ऐरणीच्या आवाजात संध्याकाळ घालवणं वाईट नाही. फक्त गिअरच्या नावाखाली करू नका. गिअरसाठी तीन आकडे पुरतात. क्राफ्टिंग 55, कारण स्लेयर हेल्मेट विकत मिळत नाही. 400 स्लेयर पॉइंट्स भरून ते स्वतःच जोडावं लागतं, आणि स्लेयरच्या टास्कवर त्याने जवळून केलेल्या हल्ल्याची ताकद सुमारे 17 टक्क्यांनी वाढते. स्मिदिंग 70, कारण ड्रॅगन स्लेयर 2 आणि साँग ऑफ द एल्व्ह्ज या दोन्ही क्वेस्टना तेवढंच लागतं. आणि क्राफ्टिंग 62, ड्रॅगन स्लेयर 2 साठीच. स्मिदिंग 70 म्हणजे 7,37,627 एक्सपी, 99 च्या साधारण अठरावा हिस्सा. त्यातही पहिल्या लेव्हलवर एकही ठोका मारू नका. द नाइट्स स्वॉर्ड क्वेस्ट आधी करा. मायनिंग 10 एवढीच त्याची अट आहे, आणि ते एका झटक्यात 12,725 एक्सपी देऊन स्मिदिंग 1 वरून 29 वर नेतं.