रस्ता सुधारतोय, सांभाळून!

आमच्या रस्त्याचं भलं करायचं ठरलं आहे, हे मला एका भल्यामोठ्या रंगीत फलकावरून कळलं. फलक फुटपाथच्या बरोब्बर मधोमध ठोकला होता. त्यामुळे पादचाऱ्यांसाठी काय काय होणार आहे, हे प्रत्येक पादचाऱ्याला वाहत्या रहदारीत उभं राहून वाचावं लागत होतं.

चित्र मात्र झकास. रस्ता आमचाच, पण लग्नाच्या फोटोला बसवल्यासारखा नीटनेटका. झाडं एका उंचीची. माणसं तर अशी, की आपण कुठल्या जन्मी तशी होणार! कुणाच्या हातात जड पिशवी नाही, कुणाला घाई नाही, गुडघे सगळ्यांचे शाबूत. एक मुलगी फुगा घेऊन निघालेली, एक गृहस्थ नुसतेच प्रसन्न. सायकलच्या पट्ट्यावर एकही मोटार उभी नव्हती, तेव्हाच हे सगळं काल्पनिक आहे हे ओळखलं.

खाली 'हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत' असं लिहिलं होतं. माझ्याकडे दोन्हींचा साठा मुबलक, म्हणून सभेला गेलो.

सभेत सुधारणेला विरोध कुणाचाच नव्हता. ती पलीकडच्या गल्लीत व्हावी, एवढीच सर्वांची नम्र विनंती होती. एक दुकानदार उठले. "गाडी दारात लागली नाही तर गिऱ्हाईक येईल कशाला?" मी त्यांना कोपनहेगनच्या स्ट्रॉयेट रस्त्याची गोष्ट सांगितली. तो 1962 मध्ये मोटारींना बंद केला, तेव्हा तिथले व्यापारीही असेच हवालदिल झाले होते. एवढ्या थंडीत पायी फिरणार कोण, असंही लोक विचारत होते. आज तो रस्ता खरेदीदारांनी फुललेला असतो. दुकानदारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे, पण आपल्याकडे ऊन असतं."

मग इंजिनिअरसाहेबांनी सिग्नलचं गणित मांडलं. माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं धरायचं. रस्ता 12 मीटर. म्हणजे 10 सेकंद पुरे. हिशेब चोख. पण मागून काठी टेकत एक आजोबा उठले. त्यांना उठायलाच जवळजवळ तेवढा वेळ लागला. "साहेब, तुमचा हा माणूस वयानं केवढा?" साहेबांनी कागद उलटून पाहिला. वय दिलेलं नव्हतं.

कोपऱ्यांची वळणं आवळण्याच्या मुद्द्यावर मात्र मला साहेबांबद्दल प्रेम वाटलं. एक मोटारवाले तावातावानं म्हणाले, "अहो, मग वळताना गाडी हळू करावी लागेल!" साहेब म्हणाले, "हो." बस्, एवढंच. इतकं सुंदर उत्तर मी कुठल्याही सभेत ऐकलेलं नाही.

सायकलवाल्यांना पांढऱ्या रंगाचा पट्टा मिळणार होता. तो सरळ रस्त्यावर, जिथे फारसं काही होत नाही तिथे, छान रुंद होता आणि चौक आला की गायब. तिथे पाटी : 'सायकलस्वारांनी उतरून चालावे'. मोटारवाल्यांना चौकात उतरून ढकलायला कुणी सांगत नाही, हे एका मुलीनं बोलून दाखवलं. त्याची इतिवृत्तात 'हशा' अशी नोंद झाली.

तेवढ्यात चाकाच्या खुर्चीतल्या बाईंनी हात वर केला. त्यांच्याजवळ मोजपट्टी होती. मोजपट्टी घेऊन आलेल्या माणसाला सभा घाबरते, हे मी त्या दिवशी पाहिलं.

"फुटपाथ किती रुंद?"

"दोन मीटर."

"खांबापाशी?"

साहेब गप्प.

"मला निदान 90 सेंटिमीटर मोकळे लागतात, आणि ते खांबापाशीच लागतात. दोन खांबांच्या मध्ये मी काय गोल गोल फिरू?"

मग फुटपाथवरून रस्त्यावर उतरायच्या उताराची पाळी आली. नियमाचा उतार 1:12, म्हणजे उंचीच्या बारापट लांबी. कडेची उंची 15 सेंटिमीटर, म्हणजे उतार 1.8 मीटर लांब हवा. नकाशात तो अर्धा मीटर होता. बाईंनी तो बोटानं मोजला आणि म्हणाल्या, "यावरून मी उतरणार नाही हो, मी उडेन."

पिवळ्या फरश्यांचा विषय मी काढला. अंधांना पायानं आणि काठीनं वाट कळावी म्हणून सेइइची मियाके या जपानी माणसानं त्या शोधल्या आणि 1967 मध्ये ओकायामात त्या पहिल्यांदा बसल्या. लांब रेघा म्हणजे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा, सावध व्हा. आमच्याकडे मागच्या सुधारणेत कुणाला तरी ठिपकेच जास्त आवडले. त्यामुळे नियम पाळणाऱ्या अंध माणसानं या टोकापासून त्या टोकापर्यंत थांबूनच राहायचं आहे. शेवटी एक रेघांची फरशी आहे. ती विजेच्या पेटीकडे नेते.

"सगळं लेखी द्या," असं सांगून सभा संपली.

लेखी हरकती घेण्याची खिडकी पहिल्या मजल्यावर होती. लिफ्ट प्रस्तावित होती. बाईंनी जिन्याखालूनच खणखणीत हाक मारली, तसा वरून कारकून डोकावला. "वर या ना, बाई!" त्या नुसत्या बघत राहिल्या. मग तो निमूटपणे कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागला. अर्ध्यावर थांबून, धाप टाकत म्हणाला, "या पायऱ्या म्हणजे ना... जीव जातो माणसाचा."

"वा," बाई म्हणाल्या आणि माझ्या हातात पेन दिलं. "लिहा, सूचना क्रमांक एक. सूचना करणाऱ्याचं नाव यांचं टाका."