पाचवीचं दप्तर

"पाचवीत गेलेल्या मुलाला रोज शाळेबद्दल विचारा," असं पालकांसाठीच्या एका लेखात वाचलं. आमच्याकडे हे उलटच पडलं. आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच. एकच बाई सगळे विषय शिकवायच्या, घरचे सगळे त्यांच्या ओळखीचे. पाचवीला लेक तालुक्याच्या हायस्कूलला गेली नि दर तासाला नवे सर, नव्या मॅडम! दारात पाऊल टाकलं की मी विचारायचे, "काय शिकवलं?" ती गप्प. आधी खाऊ दिला नि विचारणं सोडलं, तर भाकरी थापताना आपणहून बोलायला लागली.

तिची खरी भीती अभ्यासाची नव्हतीच, संध्याकाळची एसटी चुकली तर काय, याची होती. (पास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत मिळतो, पण गाडी वेळेवर यायला हवी ना!) मग एका रविवारी दोघी एसटीनं जाऊन आलो. स्टँडवरची चौकशी खिडकी दाखवली, माझा नंबर पाठ करून घेतला. वेळापत्रक दाराला चिकटवलं, रात्रीच दप्तर भरायची सवय लावली. तरी पहिल्या घटक चाचणीत गणितात मार्क कमी पडलेच. ह्यांनी लगेच क्लासचा विषय काढला. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत थांबा.