भूत दाखवायचं तर मनापासून दाखवा

हॉरर पिक्चरच्या बाबतीत माझी एकच अट आहे. काढणाऱ्याचा त्या भुतावर विश्वास पाहिजे. एरवी नसला तरी चालेल, त्या दोन-सव्वादोन तासांपुरता तरी हवाच. म्हणून मला ‘तुंबाड’ही आवडतो आणि रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ही. अलीकडचे निम्मे चकचकीत भूतपट मात्र मध्यंतरापर्यंतच नकोसे होतात. रामसेंचं नाव वाचून ज्यांना हसू फुटलं त्यांनी खुशाल हसावं. मीही हसतो, पण कुत्सितपणे नाही.

1993 साली ‘झी हॉरर शो’ सुरू झाला तेव्हा आम्ही पेठेतल्या वाड्यात राहायचो. संडास सामाईक, अंगणाच्या पार टोकाला, वर चाळीसचा मिणमिणता दिवा. पुण्यातले वाडे ज्यांनी पाहिलेत त्यांना पुढचं सांगायला नको. शो संपला की पोरं एकटीदुकटी जायचीच नाहीत, सगळी वरात निघायची. आत गेलेला कडी लावायचा नाही आणि बाहेरच्यांनी सतत बोलत राहायचं, असा करार होता. तो शोही रामसेंचाच.

या कुटुंबाची गोष्ट मोठी मजेशीर आहे. वडिलांचं कराचीत रेडिओचं दुकान, फाळणीनंतर मुंबईत. 1970 मध्ये ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ काढला, तो आपटला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात, तेवढ्या प्रसंगाला थिएटरात किंकाळ्या पडायच्या. भावांनी ते बरोबर हेरलं आणि 1972 मध्ये ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ आणला. एक भाऊ कॅमेऱ्यावर, एक आवाजावर, एक संकलनाला, दोघं दिग्दर्शनाला. पैसा थोडका, पण हौस दांडगी.

‘पुराना मंदिर’ 1984 चा. त्यातल्या सामरी नावाच्या सैतानाचं मुंडकं पेटीत बंद आणि धड भलतीकडे पुरलेलं. सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल रुडकीला शिकलेले इंजिनिअर, हे मला खूप उशिरा कळलं आणि कळल्यावर फार आनंद झाला. पिक्चरमध्ये मध्येच जगदीप ‘शोले’ची नक्कल करतो, तिचा कथेशी सुतराम संबंध नाही. रंग भडक, धूर वाजवीपेक्षा जास्त. पण सामरी आला की सगळे जण खरोखर घाबरतात. कुणी प्रेक्षकांकडे बघून डोळा मारत नाही. माझ्या लेखी इथेच निम्मे मार्क मिळाले.

वाईट पिक्चरांचा राजा मात्र 2002 चा ‘जानी दुश्मन: एक अनोखी कहानी’. अरमान कोहली इच्छाधारी नाग. गेल्या जन्मीची प्रेयसी मनीषा कोईराला. आणि कॉलेजची मुलं कोण? तर सनी देओल, सुनील शेट्टी, अक्षयकुमार. ही मुलं सबमिशन करतात की पेन्शनचे कागद, असं वाटत राहतं. सोनू निगमही आहे. नाग मोटारसायकलवरून येतो आणि हॉलिवूडच्या यंत्रमानवांसारखा मारामारी करतो. हे सगळं इतक्या गंभीर चेहऱ्यानं चाललेलं असतं की मान डोलवावीशी वाटते. ठरवून असा पिक्चर काढायला जाल तर जमणार नाही.

आता ज्यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, ते.

‘गहराई’, 1980. दिग्दर्शक अरुणा राजे आणि विकास देसाई, दोघंही आपल्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे. लेखनात विजय तेंडुलकर. बंगळुरातलं सुशिक्षित कुटुंब, वडिलांनी गावाकडची वडिलोपार्जित जमीन साबणाच्या कारखान्याला विकलेली, आणि तेवढ्यात शाळकरी मुलीच्या तोंडून कुणीतरी वेगळंच बोलू लागतं. मुलगी पद्मिनी कोल्हापुरे. वडील डॉ. श्रीराम लागू. ज्या माणसानं पुढे ‘देवाला रिटायर करा’ असं लिहून महाराष्ट्रभर वाद ओढवून घेतला, तोच इथे देव-भूत काही न मानणारा बाप आहे आणि त्याच्यासमोर त्याची लेक त्याचीच जुनी पापं पुरुषी आवाजात सांगतेय. लागूंचा चेहरा बघा त्या वेळचा. भुताची भीती परवडली. बापाला भीती वाटतेय ती हे सगळं खरं असल्याची, आणि तेही घरच्यांसमोर. दार करकरत नाही, वटवाघूळ उडत नाही. बसल्या जागी गार व्हायला होतं.

‘13बी’ (2009) वरवर पाहता साधा. माधवनचं कुटुंब नव्या फ्लॅटमध्ये येतं, डोक्यावर कर्ज. घरातल्या बायका दुपारी एक मालिका बघतात आणि त्या मालिकेतल्या कुटुंबात तेच घडतं जे यांच्या घरात घडतंय. लिफ्ट बाकी सगळ्यांसाठी चालते, याच्यासाठी नाही. पझेशनसाठी बिल्डरकडे चपला झिजवलेल्या कुठल्याही पुणेकराला हे भूत पटकन समजेल. हप्ते चालू आहेत, भूत आहे म्हणून घर सोडणार कसं?

आपला ‘लपाछपी’ (2017) थोड्यांनीच पाहिला. त्याचा हिंदी ‘छोरी’ मात्र गाजला. विशाल फुरिया यांनी उसाच्या फडात भरदुपारी भीती उभी केली, आणि पोटुशी पूजा सावंत त्या फडात वाट चुकते. उषा नाईक प्रेमानं वाढतात तेव्हाच पोटात गोळा येतो. ऊस आपण सोलापूर रस्त्यानं जाताना रोज बघतो, त्यात भिण्यासारखं काही आहे हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

‘तुंबाड’वर लिहून लिहून लोक थकलेत, तरी थोडं. राही बर्वे यांना मूळ कथा 1993 मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं सांगितली, नारायण धारपांची. (हे 1993 साल काय साल होतं कोण जाणे. ‘झपाटलेला’तला तात्या विंचूही त्याच वर्षीचा.) पिक्चर आला 2018 मध्ये, चालला बेताचाच. 2024 मध्ये पुन्हा थिएटरला लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त कमावलं. वाडा सासवडचा, पुरंदऱ्यांचा, म्हणजे दिवेघाट चढला की आलाच. नायक विनायक सोन्याच्या मुद्रा घेऊन परततो तेही पुण्यालाच. मला त्यातल्या हस्तर राक्षसापेक्षा जास्त छळतो तो बाप झालेला विनायक. पोराला दोरीवरून खाली कसं उतरायचं याचा सराव तो अशा थाटात करून घेतो, जणू पिढीजात दुकानाच्या गल्ल्यावर बसायला शिकवतोय.

आता ज्यांचा राग येतो ते. एक, ‘भूत नव्हतंच, सगळं कारस्थान होतं’ छाप. ‘बीस साल बाद’ला हे माफ, कारण एक तर तो 1962 चा आणि दुसरं म्हणजे लताबाईंचं ‘कहीं दीप जले कहीं दिल’. (शेवट फोडला म्हणून रागावू नका, साठ वर्षं झाली.) दुसरे, हल्लीचे हॉरर-कॉमेडीवाले. भूत तर हवं, पण त्याला घाबरलो असं दिसायला नको, म्हणून दर दोन मिनिटांनी विनोद. ताकाला जाऊन भांडं लपवायचं. ‘मुंज्या’ची कोकणातली सुरुवातीची दहा मिनिटं बघा, सोडमुंजीआधी मेलेला पोरगा आणि पिंपळ, काय जमलंय! मग संगणकातला मुंज्या बडबडू लागतो आणि फुसका बार.

विनोदाला माझा विरोध नाही. ‘झपाटलेला’ विनोदीच होता. पण लक्ष्या कितीही धमाल करो, तात्या विंचू मस्करी करत नव्हता. रामदास पाध्यांचा तो बाहुला मान वळवायचा आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज यायचा की आमच्या वाड्यातली पोरं जमिनीवरचे पाय उचलून कॉटवर घ्यायची.

‘गहराई’ची प्रिंट यथातथाच मिळेल, तरी बघा, रात्री आणि मोबाइल लांब ठेवून. ‘जानी दुश्मन’ मात्र एकट्यानं बघू नका. किमान चार जण आणि भरपूर भेळ हवी, नाहीतर अर्ध्या तासात झोप लागेल आणि नागाची मोटारसायकल हुकेल.